सरपंचांचं डोंगल

डिजिटल सही ही माणसाच्या ओळखीची निर्विवाद खूण असते, असं सरपंचांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रशिक्षणाला सरपंच सुलक्षणाबाईंच्या वतीने त्यांचे यजमान सर्जेराव गेले होते. तेव्हापासून बाईंची ओळख, म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसणारं ते सहीचं डोंगल, सर्जेरावांच्या खिशात चुन्याच्या डबीशेजारी राहत होती.

आज ते दौंडला ईश्वरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घाम पुसत बसले होते. न्हावरे रस्त्याला गायरानात त्यांनी चार गाळे बांधले होते. रविवारी उद्घाटन. पत्रिका वाटून झालेल्या. फक्त ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर सरपंचांची सही राहिली होती. गावात चार डोळे बघतात म्हणून ते एवढ्या लांब आले होते.

"आप्पा, ह्येच्यात सहीच न्हाई," ईश्वर म्हणाला.

"न्हाई कशी? दोन वर्सं मीच करतोय. नीट खुपस."

ईश्वरने पुन्हा खुपसलं. स्क्रीनवर यादी आली. "लावण्या हायेत. एकशे चाळीस. लावू का एखादी?"

सर्जेरावांनी आकडा ओळखला. ही तर ट्रॅक्टरच्या टेपला लावलेल्या पेनड्राइव्हमधली गाणी. ट्रॅक्टर सकाळपासून मुका होता. टेप बिघडला असं समजून त्यांनी त्याला दोन थपडाही मारल्या होत्या. मग टेपमधलं खिशात कसं आलं? आणि खिशातलं गेलं कुठं?

त्यांनी ग्रामपंचायतीत फोन लावला. तिथे कॉम्प्युटरवर बसणारी पिंकी म्हणाली, "डोंगल? मॅडम घिऊन आल्यात की. अकरालाच सही केली त्यांनी."

सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला. शेवटी बायकोच ती. "गाळ्यांच्याच कागदावर ना?"

"व्हय आप्पा. तुमच्या मोबाईलवर पाठवलाय बघा."

चष्मा घरी राहिलेला, म्हणून कागद ईश्वरनेच मोठ्याने वाचला. गायरानातील अतिक्रमण सात दिवसांत स्वखर्चाने काढून घ्यावे. खाली सरपंचांचं नाव आणि सही अस्सल असल्याची हिरवी खूण.

"खोटी आसंल," सर्जेराव म्हणाले. "पासवर्ड लागतोय त्याला. त्यो माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई."

"काय ठेवलाय?"

सर्जेरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "सुलक्षणा."