त्र्याण्णव वॅट

"आकडा काढ बे, आकडा!" विठ्ठलराव पोरावर खेकसले. "दारात लाइटवाली बाई उभी हाय!"

सुरजनं फोन खिशात कोंबला. सकाळपासून तो त्यात दिंद्रुडच्या प्रियदर्शनीचा फोटो बघत बसला होता. वेळूची काठी घेऊन तो मागच्या दारानं पळाला आणि तारेवरचा आकडा त्यानं खाली पाडला. एसी गप्प झाला. फ्रिज गप्प झाला.

तलवाड्याच्या या घरी रविवारी मुलीकडचे येणार होते. सुरज चौतिशीला टेकलेला, अकरा ठिकाणचे नकार खाल्लेला. हे बारावं स्थळ, दिंद्रुडचं. म्हणून तर मंगळवारी एसी बसवला, युसूफ वडगाव या गावी दिलेल्या सुरजच्या बहिणीकडून टेम्पोत घालून वाशिंग मशीन आणलं. पोरगी शिकलेली आहे, एवढं मध्यस्थ पंडितनं सांगितलं होतं. काय शिकली, हे कुणी विचारलं नाही. रंग विचारला, उंची विचारली. आता चोरीची वीज सापडली की रविवारी घर अंधारात आणि पोरगं जन्मभर तसंच.

सुरजच्या आईनं, छबुबाईनं एसीवर शाल टाकली, वरून झेंडूची माळ अडकवली. मशीनवर गोधडी. फ्रिजचं तोंड भिंतीकडं.

दारातल्या बाईच्या तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. एका हातात वही, दुसऱ्या हातात वीज मोजायचं यंत्र.

"आफिसातून आल्या का मॅडम?" विठ्ठलरावांनी हात जोडले.

"घरचा लोड काढायचाय. कशाला किती वीज लागते, सगळं लिहायचं. आत येऊ?"

"या की! गरिबाघरी काय हाय बघायला!"

बाई खोलीभर फिरली. वही उघडली.

"बल्ब?"

"दोन."

"पंखे?"

"एकच. त्याचं बी पातं वाकडं हाय."

"मिक्सर?"

"पाटा हाय की," छबुबाई घाईनं म्हणाली.

"मिक्सर नाही, मग वाटणार कोण? खोटं चालणार नाही."

"सून येणार हाय न्हवं. ती वाटील."

बाईनं लिहून घेतलं.

"पाण्याची मोटर?"

"हापसा हाय बाई. सध्या मी आणते. रविवारी ठरलं की सून आणील."

"वाशिंग मशीन?"

विठ्ठलराव खदाखदा हसले. "मशीन कावून पायजे? सुनंला हात न्हाईत का?"

पेन थांबलं. मग पुन्हा चाललं.

"आंघोळीचं पाणी?"

"चुलीवर! पहाटं चारला उठायची सवयच लावू की तिला!" विठ्ठलरावांना आता रंग चढला होता. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे त्यांना नव्यानं कळत होतं.

"आणि भिंतीवर ते झाकलेलं काय?"

सुरजनं आईकडं बघितलं.

"देव हाय," छबुबाई म्हणाली. "नवसाचा."

बाईनं पायातली चप्पल काढली आणि एसीला हात जोडले.

मग तिनं बेरीज केली. "नऊ-नऊचे दोन बल्ब, पंच्याहत्तरचा पंखा. एकूण त्र्याण्णव वॅट. सगळं खरं सांगितलंत ना? मग करा सही."

विठ्ठलरावांनी सरपंचाच्या झोकात सही ठोकली. "दंड-बिंड तर न्हाई ना, मॅडम?"

"दंड कसला? तेवढं काही दिसलंच नाही या घरात." तिनं खाली आपली सही केली, कार्बनची प्रत त्यांच्या हातात दिली आणि स्कूटीला किक मारली.

धूळ बसायच्या आत आकडा पुन्हा तारेवर गेला. एसी घुमायला लागला, झेंडूची माळ झुलायला लागली. छबुबाईनं फ्रिज फिरवून गार पाणी काढलं.

"लई शानी समजत होती सोताला!" विठ्ठलरावांनी मांडीवर थाप मारली. "शेंडी लावली का न्हाई तिला? आता येऊ दे रविवार! वाच बे, काय लिव्हलंय त्यात."

सुरजनं कागद उलगडला. "बल्ब दोन, पंखा एक. वाटण, सून. पाणी, सून. धुणं, सून. चूल, सून."

"बरुबर हाय. बोललो तसंच लिव्हलंय."

"खाली तुमची सही हाय."

"आन् तिची?"

सुरजनं खिशातला फोन काढला, एकदा त्यातला फोटो बघितला, एकदा कागद.

"वाच की बे!"

"प्रियदर्शनी," सुरजनं वाचलं. "मुक्काम दिंद्रुड."