राखून ठेवलेलं

कॉम्प्युटर नव्या अपडेटबद्दल रोज विचारायचा आणि कुमुदिनीबाई रोज ‘आत्ता नको’ दाबायच्या. आज मेल्याने विचारलंच नाही. आपणहून बंद पडला, अर्धा तास गोल गोल फिरला आणि सुरू झाला तेव्हा ब्राउझरमधले सगळे बुकमार्क गायब होते. ‘कुमुदसाठी’ हा फोल्डरसुद्धा.

ह्यांनी शेवटच्या आजारपणात तो तयार केला होता. आत दोनशे बुकमार्क. नावं नाहीत, नुसते आकडे. उघडावं तेव्हा कळायचं, कधी जुनी लावणी, कधी केळफुलाची भाजी, कधी लग्नानंतर पाहिलेल्या दीपगृहाचा फोटो. “रोज एक उघड,” ते म्हणाले होते. “माझ्याशी बोलल्यासारखं वाटेल.”

पण बाईंकडे नव्या साड्या कपाटात आणि चांगले कप शोकेसमध्ये राहायचे. रोज एक उघडलं तर सात महिन्यांत खडखडाट! म्हणून त्या फक्त सणावाराला एक उघडायच्या. बाकीचे म्हातारपणाला.

लेक धावत आली. तासभर खटपट केल्यावर तिचा चेहरा उजळला. “आई, सापडले! हिस्टरीत आहेत. हे बघ, एकोणीस.”

“आणि बाकीचे?”

लेकीने मान खाली घातली. “तू उघडलेल्यांचीच इथे नोंद आहे गं. जे कधी उघडलेच नाहीस, ते मी कुठून आणू?”

बाईंनी पडद्यावरची यादी वरून खालपर्यंत वाचली. ते एकोणीस त्यांना तोंडपाठ होते.