बंबातला धूर

बायको गेल्यापासून खंडू मिस्त्रीच्या घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. सकाळी अंगणात बंब पेटवून तो त्यात कामावरचे पीव्हीसी पाइपाचे तुकडे सारायचा. घशाला झोंबणारा धूर निघाला, की शेजारच्या सरूबाई नाकाला पदर लावून कुंपणाशी यायच्याच.

"मिस्त्री, विषारी गॅस असतो त्यात. आम्हाला वर धाडून एकटेच राहणार का?"

"मग भांडू कोणाशी?" तो म्हणायचा, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस गोड व्हायचा.

एका सकाळी त्या खोकतच आल्या. बाभळीची मोळी टाकून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, छाती खराब झाली. हेच जाळा आता."

सगळे तुकडे त्यानं भंगारात दिले.

दुसऱ्या दिवशी बाभूळ झकास पेटली, घशाला झोंबणारा धूर नाही. बंबातलं पाणी उकळलं, निवलं, तरी तो कुंपणाकडंच बघत बसला होता.