एक माणूस, एक प्रश्न, एक मिनिट

पडद्यावर सुवार्ताबाईंचं कोपर होतं.

फोटोच्या मधोमध त्यांचे बाबा, शांतवन मास्तर. गळ्यात वीणा, तोंड उघडं. उजव्या कडेला एक कोपर आणि अर्धा टाळ. बाकीची मुलगी चौकटीबाहेर राहिली होती.

"काय म्हणतोय तो?"

श्वेता आईच्या कानाशी वाकली. बंगळूरच्या त्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात, व्याख्यान इंग्रजीत चाललं होतं. "म्हणतोय, मराठी ख्रिस्ती कीर्तन संपलं. आजोबा शेवटचे. ते चौऱ्याण्णव साली गेले, त्यांच्याबरोबर परंपरा मेली. पुढच्या महिन्यात त्याचं पुस्तक छापायला जाणार आहे."

"मग गेल्या नाताळात भोकरदनला मी काय केलं?"

"आई, हळू."

३.३० — प्रश्नोत्तरे. एक माणूस, एक प्रश्न, एक मिनिट.

पत्रिकेत तसंच छापलं होतं. मिनिट मोजायला अध्यक्ष म्हणून सेमिनरीचे प्राचार्य बसले होते, पुढ्यात पितळेची घंटी.

श्वेताने पदर धरायच्या आत सुवार्ताबाई उठल्या. माईक पडद्याच्या उजव्या कडेला होता. तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं मिनिट.

"बाळा, मराठी येतं ना तुला?"

व्याख्याते डॉ. रणवीर साळवे मूळचे पुण्याचे. "हो, आजी."

"कीर्तन मेलं, हे कुणी सांगितलं तुला?"

"मी मराठवाड्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं पाठवली होती. एकोणतीस उत्तरं आली. सगळ्यांनी एकच कळवलं, कोणी नाही."

"विचारलं काय होतंस?"

"तुमच्याकडे कीर्तनकार बुवा कोणी आहेत का."

"बुवा नाहीत. खरं तेच कळवलं त्यांनी."

रणवीरने पडद्याकडे पाहिलं. मग सुवार्ताबाईंकडे. फोटोतला हात जिथे कापला होता, तिथे त्या उभ्या होत्या.

घंटी.

दुसरं मिनिट.

"अम्मा, टाइम," प्राचार्य म्हणाले. त्यांना मराठी येत नव्हतं. बाई हलेनात, म्हणून पुन्हा वाजवली. टिण. टिण. टिण.

सुवार्ताबाईंनी मान कलती करून ऐकलं.

"थांबू नका, साहेब. लय बरी आहे."

आणि त्या लयीवर त्यांनी आवाज लावला.

रडू नका बायांनो गं, वाट सोडा दारातली;
मेली नाही लेक याची, झोप आहे डोळ्यांतली.

३.४० — चहा. (झाला नाही.)

"बायबलातल्या एका अधिकाऱ्याची बारा वर्षांची पोर," सुवार्ताबाई सांगत होत्या. "घरात रडारड. वाजंत्रीसुद्धा येऊन बसलेले. तेवढ्यात प्रभू दारात आला, म्हणाला, मेली नाही, झोपलीय. तर लोक हसले! मातीला आलेले लोक हसायला लागले म्हणजे काय समजायचं? खड्डा खणून झालेला असतो, आता कोण उठतंय म्हणून चिडलेले असतात."

मघाशी कुजबुजणारी श्वेता आता मधल्या वाटेत उभी राहून ओरडून इंग्रजी करत होती. नागालँडचा एक विद्यार्थी बाकावर ठेका धरून बसला. ध्रुपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा "वाट सोडा दारातली" सगळ्या सभागृहाने उचललं, आणि मिझोरामच्या मुलींनी कुणी न सांगता त्याला वरचे-खालचे चार सूर लावले. असं कीर्तन भोकरदनला कधी झालं नव्हतं. कुठेच झालं नव्हतं.

सतरावं मिनिट.

प्राचार्यांचे डोळे मिटलेले. घंटी चालूच. कुणाला थांबवण्यासाठी, हे ते विसरले होते.

"मग प्रभूने तिचा हात धरला. ऊठ म्हणाला. पोर उठली, चालायला लागली. तेव्हा त्याने उपदेश केला? व्याख्यान दिलं? छे! म्हणाला, अहो, तिला आधी काहीतरी खायला द्या!"

श्वेताचं इंग्रजी पोचलं आणि सभागृह फुटलं. हशा, बाकांवर थापा, टाळ्या.

४.०० — पुढचं सत्र. (पुढचा वक्ता बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.)

रणवीर व्यासपीठावरून उतरला. मागच्या टेबलावर चहा गार झाला होता. बशी सापडेना. त्याने हातातल्या निबंधाचं शेवटचं पान काढलं, त्यावर एक मद्दूर वडा ठेवला आणि दोन्ही हातांनी सुवार्ताबाईंसमोर धरला. तेल अक्षरांतून पसरत गेलं.

"पुस्तक थांबवतो मी, आजी," तो म्हणाला. "तुमचं नाव कसं लिहू?"

सुवार्ताबाईंनी वडा मोडला. अर्धा त्याच्या हातावर ठेवला, अर्ध्याचा घास घेतला. खुसखुशीत होता.

"लिहिशील रे. आधी बस खाली. हा नुसता दृष्टांत झाला. कीर्तनाला अजून उभी राहायचीय मी."

श्वेताने याचं इंग्रजी करायच्या आतच प्राचार्यांनी घंटी उचलली होती.