डमीचा अंतरा

“घरच्या माणसाचं कसलं आलंय नाव? आपण साधं ठेवू ना,” संगीतकार काचेपलीकडून म्हणाला आणि त्याने माईकचं बटण सोडलं.

बटण सुटलं की गायकाच्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे पुढे तो हसला ते त्याच्या बायकोला नुसतं दिसलं. तिचं डोकं आणखीच तापलं.

तिने मागितलं होतं तरी काय? अकरा वर्षं ती त्याच्या प्रत्येक गाण्याची डमी गात आली होती. डमी म्हणजे मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी गाऊन ठेवलेलं कच्चं गाणं. मोठी गायिका गाऊन गेली की ते पुसून टाकायचं. पायपुसण्याची गत त्याहून बरी, ते निदान दारात तरी राहतं. या वेळी मागचे आलाप तिच्याच आवाजात राहणार होते, म्हणून ती म्हणाली होती, खाली कुठेतरी बारीक अक्षरात माझं नाव टाक. त्यावर हे उत्तर.

‘साधं ठेवू’ हे त्याचं जुनं पालुपद. लग्न साधं ठेवू म्हणाला, ते दोन सह्यांत उरकलं. वाढदिवस साधा ठेवू म्हणाला आणि पुढच्या वर्षापासून विसरूनच गेला. तिचं गाणं शिकणं सुटलं तेव्हाही, घरात एकानेच नाव कमावलं की संसार कसा साधा राहतो, हे त्याने तिला समजावून सांगितलं होतं. आणि आता त्या पालुपदाचंच त्याने गाणं केलं होतं. ‘प्रेम साधं ठेवू.’ मुखडा ऐकूनच निर्माता खूश झाला होता. अंतरा तिच्यासमोर स्टँडवर होता, नवऱ्याच्या वळणदार अक्षरात:

न मागता तू समजून घ्यावं, मौनच आपली भाषा,
न बोलता मी येईन घरी, नको ठेवूस आशा.

म्हणजे हिने आशासुद्धा ठेवायची नाही, आणि वर हेच गोड गळ्याने गाऊनही दाखवायचं. जखमेवर मीठ, तेही सुरात.

सकाळीच बाईंचा निरोप आला होता, पट्टी अर्ध्या सुराने वर घ्या. बाई म्हणजे मुख्य गायिका. साऱ्या धंद्यात त्यांना नुसतं बाईच म्हणत. पट्टी बदलली म्हणजे डमी पुन्हा गाणं आलं. संगीतकार बाईंना घ्यायला खाली पळाला.

“वहिनी, पटकन एकदा होऊन जाऊ द्या,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मुखडा तिने जसाच्या तसा गायला. अंतरा आला तसा तिने स्टँडवरचा कागद पालथा घातला.

साधं म्हणजे उरलंसुरलं वाढणं नव्हे, राजा,
साधं म्हणजे विचारायचं, दिवस कसा गेला तुझा.

रेकॉर्डिस्टने मान वर केली. “वहिनी, शब्द वेगळे पडले.”

“डमीच तर आहे,” ती म्हणाली. “डमीला कोण विचारतं?”

“तेही खरं,” तो म्हणाला आणि त्याने गाणं तसंच ठेवून दिलं.

आता एक गोष्ट त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होती. बाई चारचौघांत चष्मा लावत नसत, त्यामुळे कागदही वाचत नसत. डोळे मिटून चार वेळा डमी ऐकायची आणि त्यात जे असेल ते गायचं, ही त्यांची रीत. हे तिला अंतरा गाताना आठवलं नव्हतं का? चांगलं आठवलं होतं, खोटं कशाला बोला.

बाईंनी हेडफोनवर चार वेळा डमी ऐकली. तोवर बाहेर संगीतकार निर्मात्याला साधेपणावर व्याख्यान देत होता. मग बाई गाऊ लागल्या. अंतरा आला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याचा हात बटणाकडे गेला, पण निर्मात्याने मनगट धरलं.

“थांबवू नका,” तो म्हणाला.

गाणं संपवून बाई बाहेर आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या.

“चाळीस वर्षं प्रेमाची गाणी गातेय,” त्या हळूच म्हणाल्या. “दिवस कसा गेला, हे एकाही गाण्यात कुणी विचारलं नाही. कसं सुचलं हो तुम्हाला?”

सगळे संगीतकाराकडे पाहू लागले. त्याची बायको दाराशी उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि निर्लज्जपणाची हद्द म्हणजे, बाईंना हात जोडले.

“घरचेच शब्द आहेत, बाई,” तो म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं आवाज पुसला, आज शब्दही खिशात घातले.

रेकॉर्डिस्ट पडद्याकडे बघत होता. “दादा, गीतकार म्हणून कुणाचं नाव टाकू?” त्याने अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं.

संगीतकाराला बायकोचे डोळे दिसले. त्याने घसा खाकरला. “टाक, दोघांचं टाक.”

“दोघांचं कशाला?” ती पुढे येत म्हणाली. “साधं ठेवू ना. एकच टाक, माझं.”