धुतलेले जोंधळे

"आये, भाकरी कडू लागतीया," उमा म्हणाली आणि तिनं तुकडा ताटात परत ठेवला.

चुलीपुढं बसलेल्या दगडाबाईनं मानही वर केली नाही. पहिलटकरीण पोर, आठवा महिना, चार दिवसांमागं बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला तिखट बंद केलं होतं. घरातली बाकीची माणसं ठेच्याबरोबर खायची, त्यांची काही तक्रार नव्हती. अशा दिवसांत तोंड कडू असायचंच, असं म्हणत दगडाबाईनं गुळाचा खडा लेकीच्या ताटात टाकला आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

भाकरी दिसायला तरी पांढरीशुभ्र होती. ती सगळी दगडाबाईच्या हाताची करामत. कवठे महांकाळच्या त्या पट्ट्यात भर पावसाळ्यात देव पाण्यात घालून बसलं तरी पाऊस फिरकत नसे. अलीकडं मात्र त्याचं सगळंच उलटं झालं होतं. यंदा शाळूचे जोंधळे काढून रानात पडले होते, आणि होळीच्या तोंडावर हा पठ्ठ्या पाऊस पाच दिवस मुक्कामाला राहिला. कणसं पडल्या जागी बुरशीनं काळी पडली. आख्ख्या आळीनं कपाळाला हात लावला. दगडाबाईनं पदर खोचला. दाण्याला राख चोळली, तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला आणि गोणपाटावर घासून घासून मोत्यासारखा केला. अन्न टाकून देणं तिला ठाऊकच नव्हतं. आळीतल्या नऊ घरांना तिनं हे शिकवलं. शेजारच्या जन्नतबीला तर दोन पायल्या जोंधळे धुऊन आपणहून दिले.

आठवडाभर आळीत पोटाच्या दुखण्यानं ठाण मांडलं होतं. दगडाबाईचा नवरा कोंडीबा पहाटेपासून तांब्या घेऊन चार खेपा करून आला होता आणि आता गुडघे पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. तालुक्याच्या नर्सबाईनं विहिरीत पावडर टाकली, पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. दगडाबाईच्याही पोटात कळ येत होती, पण ती कुणाला सांगत नव्हती. लेकीचं पाणी मात्र ती दोनदा उकळायची, फडक्यानं गाळायची, वर झाकण ठेवायची. उमाच्या पोटातल्या जिवाला काही होऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

जन्नतबी दारात येऊन उभी राहिली. काखेत पाटी होती. आत ये म्हटलं तरी येईना, म्हणून दगडाबाई पिठाच्या हातानंच बाहेर गेली. तिनं जन्नतबीच्या घरच्यांची विचारपूस केली. सगळी धडधाकट होती. मग दगडाबाईला नवल वाटलं. विहीर तर एकच होती.

जन्नतबीनं पाटी खाली ठेवली. धुतलेले जोंधळे तसेच होते, थोडेसेच कमी झालेले.

"राग मानू नगा, आक्का. लेकानं औंधाकडनं बाजरी आणली हुती, म्हणून तुमचं जुंधळं कोंबड्यांस्नी टाकलं." तिचा आवाज खाली गेला. "दोन मेल्या. ऱ्हायलेल्या आता चोच लावत न्हाईत. तुमी मायेनं दिल्यालं, म्हणून बोलवंना. पर तुमच्यात उमा आलीया."

दगडाबाईला पटेना. तिनं पाटीतले मूठभर दाणे अंगणात फेकले. समोरून जन्नतबीच्या कोंबड्या पंख पसरून धावत आल्या. दाण्यांभोवती उभ्या राहिल्या. एकीनं मान तिरकी करून पाहिलं आणि ती मागं फिरली. मग एकेक करून सगळ्याच गेल्या. पांढरेशुभ्र दाणे उन्हात तसेच चमकत राहिले.

दगडाबाईच्या बोटांवरचं पीठ वाळायला लागलं. तिनं वळून घरात पाहिलं. कोपऱ्यात कणगी त्याच जोंधळ्यांनी गळ्यापर्यंत भरली होती. वर्षाचं खाणं तेवढंच. पेरायला ठेवलेलं बीही त्यातलंच. भिंतीशी कोंडीबा कण्हत उठला आणि त्यानं पुन्हा तांब्या उचलला.

चुलीवरची भाकरी टम्म फुगली होती. उमानं ताट बोटानं पुसून घेतलं होतं.

"गुळासंगं कडू लागलंच न्हाई बघ, आये," ती आतून म्हणाली. "आनी एक वाढ. पोटातलं बी आज लय मागतंय."