दोघांतला गाणारा

कनेरगाव नाक्याच्या लग्नमांडवात भीमराज माइकसमोर उभा राहिला आणि टाळ्या पडल्या. गळ्याच्या ऑपरेशननंतरचा हा त्याचा पहिलाच कार्यक्रम. गळ्याला बांधलेला रुमाल त्यानं जरा वर ओढून घेतला.

रुमालाखाली श्वासासाठी भोक होतं. कॅन्सरबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून टाकलं होतं. मांडवात हे फक्त दोघांना माहीत होतं: त्याला, आणि कीबोर्डमागे उभ्या असलेल्या प्रमोदला.

दहा वर्षांपूर्वी हिंगोलीत नवी नवी केबल आली, तेव्हा प्रमोदच्या घरी दोघांनी टीव्हीवर ते दोन इंग्रज पाहिले होते. एक गाणारा, एक कीबोर्डवाला. तिसरं कुणीच नाही.

“दोघांतच सगळं!” भीमराज ओरडला होता.

तोवर भीमजयंतीला गायचं म्हटलं की अख्खा ताफा लागायचा. या दोघांनी जुना कीबोर्ड मिळवला, त्या गोऱ्यांसारखे काळे कोट शिवले आणि तसेच, अजिबात न हसता स्टेजवर उभे राहू लागले. लोक आधी हसले, मग बोलावू लागले. पुढं सेनगाव, कळमनुरी, औंढा, सगळीकडे अशा जोड्या निघाल्या. त्या यांची नक्कल करत, आणि हे त्या इंग्रजांची. त्या इंग्रजांना हिंगोली नावाचं गाव आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात प्रमोद भीमराजच्या घरी आला होता.

“जोडी म्हणून बोलावलंय भीम्या. मला एकट्याला कोण विचारून राहिलंय? आपली कॅसेट लावतो. तू निस्ता उभा राह्य, ओठ हलव.”

भीमराजनं नकारार्थी मान हलवली.

“तो गोरा कीबोर्डवाला बघ की. इतकी वर्सं झाली, स्टेजवर गपच उभा ऱ्हातो. परवा त्याहिची नवी कॅसेट बी आली. काय बिघडलं त्याचं?”

“तो गाणारा न्हवता, भाऊजी,” भीमराजची बायको करुणा म्हणाली.

बऱ्याच वेळानं भीमराज उठला आणि त्यानं खुंटीवरचा काळा कोट काढला.

आता मांडवात गाणं सुरू झालं. नांदेडच्या स्टुडिओत कधीकाळी गायलेलं, मोकळ्या गळ्याचं. पहिल्या ओळीला ओठ मागं पडले, मग जुळले. प्रमोदची बोटं बंद कीबोर्डवर फिरत राहिली. पोरं नाचायला उठली. नवरीचा बाप नरसिंग हार घेऊन स्टेजवर आला.

“वा रे भीमराज! काहीच फरक न्हाई. आवाज बराबर कॅसेटसारखा!”

भीमराजनं प्रमोदकडे पाहिलं. प्रमोदनं मान खाली घातली.

दुसऱ्या गाण्यात वरच्या पट्टीत जाण्याआधी भीमराज मोठा श्वास घ्यायचा. कॅसेटमध्ये तो श्वासही उतरला होता. स्पीकरमधून तो आला, तोंडावाटे छातीत ओढलेला, भरपूर. भीमराजनंही सवयीनं तोंड उघडून छाती फुगवली. रुमाल भोकाला चिकटला.

त्यानं तोंड मिटलं. गाणं वरच्या पट्टीत गेलं. नाचणारं कुणी थांबलं नाही. त्यानं माइक स्टँडला लावला आणि तो पायऱ्या उतरून खाली गेला.

“भीम्या,” प्रमोद पुटपुटला. त्याचा हात टेपकडे गेला. टेप बंद केली तर सगळ्यांना कळणार होतं. त्यानं हात मागं घेतला.

बायकांच्या खुर्च्यांपुढं येऊन भीमराज स्टेजकडे वळला. इतकी वर्षं लोकांना तो जिथून ऐकू येत होता, तिथं तो पहिल्यांदाच उभा होता. आवाज चांगला होता. खरंच चांगला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुंदक्याला आता आवाज नव्हता.

मागून कुणीतरी त्याच्या पाठीला हात लावला. नव्या लुगड्यातली एक बाई मान उंच करून स्टेजवरच्या एकट्या प्रमोदकडे बघत होती.

“ओ दादा, जरा बाजूला सरका ना. गाणारा दिसून न्हाई राहिला.”

भीमराज बाजूला सरला.